नऊ दाबा

अण्णा गेल्यानंतरही त्यांना कर्ज द्यायला माणसं उतावीळ होती. गाडीसाठी, घराच्या डागडुजीसाठी, परदेशी सहलीसाठी. एकदा तर मुलीच्या लग्नासाठी. तो फोन नेमका मुलीनेच घेतला. तिचं लग्न होऊन, मोडून, नातेवाइकांनी त्याबद्दल कुजबुजणंही सोडून दिलं होतं, इतका काळ त्याला लोटला होता.

"सर, कसे आहात आज?" पलीकडून तरतरीत आवाज आला.

"सर वारले," ती म्हणाली.

"ओके मॅडम. मग त्यांना संध्याकाळी फोन केला तर चालेल?"

तिने फोन स्टुलावर ठेवला आणि पदराला हात पुसले. फोनला काहीच लागलेलं नव्हतं. तरी पुसले. हल्ली हे असंच होई. फोन ठेवला की साबणाने हात धुवावेसे वाटत, आणि धुतले तरी कानात काहीतरी चिकट राहून गेल्यासारखं वाटे.

नंबर बंद करून टाकावा, हे कुणालाही सुचेल. धाकटे काका तर भेटायला आले की बूट काढता काढता तेच सुचवत. "अगं, माणूस गेला. फोन कशाला जिवंत ठेवलाय? चुलीत घाल तो." पण नंबर चुलीत घालता येत नव्हता, कारण आईचे डोळे त्या नंबरात अडकले होते.

आईच्या दोन्ही बुबुळांवर सायीसारखं पांढुरकं धरलं होतं. उजवा डोळा गेल्यात जमा होता. डाव्याला उजेड कळे आणि माणसांच्या सावल्या. मेलेल्या माणसाचं बुबुळ बसवलं तर दिसेल, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा नेत्रपेढीच्या यादीत तिचं नाव अण्णांनी स्वतः जाऊन घातलं होतं. सोबत आपला नंबर दिला. दोघांच्या घरात तो एकच फोन होता. पेढीची पद्धत साधी होती. बुबुळ आलं की यादीतल्या पहिल्या माणसाला फोन. उचलला नाही तर थोड्या वेळाने आणखी एकदा. तरीही नाही, तर पुढचं नाव. बुबुळ काही थांबत नाही, आणि पेढीवाल्यांना माणसं शोधत हिंडायला सवड नसते. यात नाव ठेवायला जागा नव्हती. अण्णा गेल्यावर लेकीने आपला नंबर लावायचा अर्ज दिला होता. तो बदल पुढच्या महिन्याच्या यादीपासून लागू होणार होता. आणि या महिन्यात यादीत आईच्या वर कुणीच उरलं नव्हतं.

म्हणजे फोन वाजला की घ्यायचाच. अनोळखी नंबर असला तर जास्तच तत्परतेने घ्यायचा. जगातल्या प्रत्येक विक्रेत्याला जसं घर हवं असतं, तसं ते घर झालं होतं.

अण्णा वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानादुकानांतून तराजू तपासत हिंडण्यात त्यांचा जन्म गेला. पारड्याखाली चिकटवलेलं मेण, तळातून कोरून हलकं केलेलं वजन, आतून ठोकून उथळ केलेलं तेलाचं माप. एकदोनदा मार खाता खाता वाचले. पण नियमांवर त्यांचा विश्वास होता. देवावर असतो तसा नव्हे. जिन्याच्या पायरीवर असतो तसा. पाय टाकला की ती तिथे असणारच.

घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांची स्वरपेटी काढून टाकली. गळ्याला भोक राहिलं, आणि त्याच्यावर आईने चाचपत शिवलेला मलमलीचा तुकडा. पाटीवर लिहून दाखवावं तर आईला दिसत नव्हतं. बोलणं त्यांना जमेना, वाचणं तिला. शेवटी पलंगाच्या लोखंडी दांडीवर दोघांनी तोडगा काढला. चमच्याने एक टकटक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, तीन म्हणजे इकडे ये. भांडणंसुद्धा त्या दांडीवरच व्हायची.

"दोनदा वाजवलंत, ऐकलं मी," आई स्वयंपाकघरातून ओरडायची. "आंधळी झालेय, बहिरी नाही झाले अजून."

फोनचीही वाटणी झाली होती. आई उचलायची. माणूस असला तर बोलायची. यंत्र असलं तर फोन अण्णांच्या हातात द्यायची. यंत्रातली बाई मधात बुडवलेल्या आवाजात कुठलीशी योजना सांगायची आणि शेवटी घाईघाईने म्हणायची, "असे फोन नको असल्यास नऊ दाबा." अण्णा तिचं सगळं ऐकून घ्यायचे आणि मग नऊ दाबायचे. मध्येच फोन कापला, असं त्यांनी कधी केलं नाही. लेकीने एकदा विचारलं तेव्हा त्यांनी पाटीवर लिहिलं, 'नऊची सोय कायद्याने ठेवायला लावली आहे. लोक वापरत नाहीत म्हणून ह्यांचं फावतं.'

"दादाने जन्मभर दुकानदार दाबले, आता नऊ दाबतोय," काका म्हणायचे. अण्णा खांदे हलवून हसायचे. गळ्यावरचं मलमल फडफडायचं.

फोन मात्र कमी होईनात. उलट वाढले. सकाळी चहाच्या कपाबरोबर सुरू होत ते दिवेलागणीपर्यंत. अण्णांना अंथरुणातून उठता येईना झालं, तेव्हाही फोन वाजला की त्यांचा हात पुढे येई. शेवटच्या आठवड्यातलं एक दृश्य लेकीच्या डोळ्यांपुढून हटत नव्हतं. हाताला सुई टोचलेली, नखं निळसर पडलेली, आणि फोनमधून यंत्राची बाई सांगतेय, निवृत्तीनंतरच्या निश्चिंत आयुष्याबद्दल. अण्णांचा अंगठा बटणांवरून घसरत होता. एकदा सहावर गेला, एकदा आठवर. तिने म्हटलं, "अण्णा, द्या, मी दाबते." त्यांनी मान हलवली आणि नऊ शोधून दाबलं. मग दमून डोळे मिटले. फोनमधली बाई म्हणाली, "धन्यवाद. आपला दिवस आनंदात जावो."

ते गेल्यावर नऊचं काम आईने उचललं. खालून दुसरी ओळ, उजवं टोक, असं बोटाने मोजून ती बटण शोधायची.

"आई, कशाला? उपयोग होत नाही त्याचा."

"ते दाबत होते ना? मग असेल काहीतरी," आई म्हणायची. वर्षानुवर्षं त्यांच्याशी वाद घालत आलेली बाई ते गेल्यावर एवढं एकच निमूटपणे ऐकत होती.

लेक एका प्रकाशनसंस्थेत मुद्रितं तपासायची. वाक्य कुठे सैल आहे ते तिच्या नजरेत चटकन भरे. जेवणाच्या सुट्टीत तिने ग्राहकांना नकोशा फोनांपासून वाचवणारे नियम काढून वाचले. सुरुवातीला ग्राहकाच्या मनःशांतीबद्दल इतकं सुंदर लिहिलं होतं की तिला वाटलं, हे लिहिणाऱ्याला भेटावं. पुढे पानोपानी 'वगळता' सुरू झालं. ग्राहकाने होकार दिला असल्यास वगळता. ग्राहकाशी पूर्वीचा संबंध असल्यास वगळता. ग्राहकाने चौकशी केली असल्यास वगळता. एखाद्या सुरेख कापडाचा तागा उलगडावा आणि आतून कसरीने खाल्लेला निघावा, तसं झालं. तिने डबा न खाता बंद केला.

तरी तक्रारीची सोय होती. ज्या नंबरावर फोन येतात, त्याच नंबरावरून तक्रार करायची, असं त्यात होतं. एका सकाळी तिने रजा टाकली आणि आईच्या स्टुलावरून फोन उचलला.

"फोन अडकवून बसणार तू," आई म्हणाली. ती खिडकीशी बसून उजेडाकडे तोंड करून वाटाणे सोलत होती. "पेढीचा आला म्हणजे?"

"मध्ये कुणी केला तर टूं टूं वाजतं गं. लगेच घेईन."

"बघ हं, चिऊ."

चाळिशी ओलांडली तरी घरात ती चिऊच होती. "बघते," ती म्हणाली.

बराच वेळ फोनमधून संगीत वाजत राहिलं. मध्ये मध्ये कुणीतरी सांगे की आपला फोन आमच्यासाठी फार मोलाचा आहे. मग एक माणूस आला. आवाजाने बरा वाटला, नुकतीच सर्दी होऊन गेलेला.

"ग्राहक संरक्षण कक्ष. ग्राहक स्वतः बोलताय का?"

"मुलगी बोलतेय. नंबर वडिलांचा आहे. ते वारले."

"तक्रार ग्राहकालाच करावी लागते, मॅडम."

"ते वारलेत."

"हो हो, ते समजलं. मग तुम्ही त्यांच्या वतीने बोलताय, तर त्यांचं संमतिपत्र असेल ना?"

माणूस थट्टा करत नव्हता. समोरच्या चौकोनात काय भरायचं ते विचारत होता, एवढंच. हेच तिला जास्त किळसवाणं वाटलं. थट्टा असती तर पलीकडे कुणीतरी आहे असं तरी वाटलं असतं.

"बरं, वारस म्हणून घेता येतं का बघतो," तो म्हणाला. "लाइनवर राहा. मध्ये दुसरा फोन घेतलात तर हा कट होईल, मग पुन्हा पहिल्यापासून रांगेत यावं लागेल."

संगीत पुन्हा सुरू झालं. आणि त्यातच टूं टूं वाजलं.

तिने फोन कानापासून दूर धरून पाहिलं. अनोळखी नंबर. सुरुवातीचे आकडे ओळखीचे. त्याच आकड्यांनी सुरू होणाऱ्या नंबरांवरून कालच गाडीचं कर्ज आलं होतं आणि परवा सहल. घ्यावा का? घेतला तर ही लाइन गेली. सकाळपासूनचा वेळ गेला. अंगठा बटणावर ठेवून ती थांबली. आवाज थांबला. तिने खिडकीकडे पाहिलं. आई वाटाण्याच्या शेंगा बोटांनी चाचपत होती.

"मॅडम, आहात ना?" माणूस परत आला. "तुमच्या नंबराची माहिती मिळाली. पण हे नकोसे फोन या प्रकारात बसत नाहीत."

"म्हणजे?"

"ग्राहकाने प्रतिसाद दिलाय. एकदा नाही, वारंवार. बटण दाबून."

"नऊ," ती म्हणाली. "ते फोन बंद करण्यासाठी."

"असेल. पण कुठलंही बटण दाबलं की त्यांच्या यंत्रात एवढंच येतं की इथे माणूस आहे, शेवटपर्यंत ऐकतो आणि बोट उचलतो. अशा नंबराला भाव जास्त. एकजण दुसऱ्याला विकतो, दुसरा तिसऱ्याला. आणि प्रतिसाद दिला की नियमाप्रमाणे ती चौकशी धरली जाते." तो जरा खोकला. "नऊ दाबू नका, असं आम्ही सूचनेत दिलंय, मॅडम."

"नऊ दाबा असं म्हणायला त्यांना तुमचाच नियम लावतो ना?"

"हो. तेही बरोबर आहे."

खोली होती तिथेच होती. भिंतीला टेकवलेला पलंग, त्याची दांडी, स्टूल. अण्णा नऊ दाबत होते आणि कुठल्यातरी थंडगार खोलीत एक यंत्र त्या बोटाची किंमत वाढवत होतं. खोटी वजनं पकडत जन्म घालवलेल्या माणसाचा अंगठा या लोकांनी पारड्यात टाकला होता. आणि तो निळ्या नखांचा अंगठा शेवटच्या आठवड्यात सर्वांत महाग झाला असणार, कारण तेव्हा तो सर्वांत जास्त वेळा नऊ दाबत होता.

कानात पुन्हा टूं टूं वाजलं. तोच नंबर. तिला तो दिसला, पण तिच्या डोळ्यांपुढे तेव्हा दुसरंच काही होतं. "मरा," ती दात आवळून म्हणाली आणि फोन तसाच कानाला लावून ठेवला. टूं टूं बराच वेळ चाललं. मग थांबलं.

"आणखी काही मदत करू शकतो, मॅडम?"

"नाही."

"मग आजच्या सेवेला एक ते पाचमध्ये गुण द्याल का? बटण दाबून."

फोन ठेवल्यावर तिने ठरवलं, त्या दोनदा वाजलेल्या नंबरावर आपण फोन करायचा. शिव्या द्यायच्या. जन्मात कधी दिल्या नव्हत्या, पण पुस्तकांतून पुष्कळ वाचल्या होत्या. कुठली आधी द्यायची ते तिने मनाशी पक्कंही केलं. फोन लावला. घंटी वाजली, उचलला गेला, आणि बाईचा आवाज आला, "नेत्रपेढी."

तिची शिवी तोंडातच राहिली.

"अहो, दोनदा केला आम्ही," बाई म्हणाली. "तुमचा लागूनही कुणी घेईना. पुढच्यांनी उचलला. ते निघालेसुद्धा."

लेकीने फोन ठेवला. आई तिच्याकडे तोंड वळवून बसली होती. तिला चेहरा दिसत नसे, पण श्वास कळे.

"पेढीचा होता?" आईने विचारलं.

"आई, चप्पल घाल."

टॅक्सीत आई मांडीवर हात जोडून सरळ बसली होती. नुसतं एकदाच म्हणाली, "गॅस बंद केलास ना?"

नेत्रपेढी इस्पितळाच्या मागच्या बाजूला होती. लांबट बोळ, भिंतीला लागून बाकं, शेवटी काचेचं दार आणि दाराआड समुपदेशक बाईंचं टेबल. बाकावर एक बाई पिशवी कवटाळून बसली होती. घाईत तिच्या पायात दोन जोड्यांमधल्या दोन चपला आल्या होत्या. तिच्या नवऱ्याला नुकतंच आत नेलं होतं.

"आम्ही तर उचलणारच नव्हतो हो," कुणी न विचारता ती सांगू लागली. आनंद तिला आवरत नव्हता. "म्हटलं, मेले कर्जवाले असतील. पण आमच्या जावयाला असल्यांशी भांडायची भारी हौस. म्हणाला, थांबा सासूबाई, मी घेतो, चांगली हजेरी घेतो. आणि बघा तर काय!"

लेक तिच्याकडे पाहत राहिली. हिच्यावर रागावता येत नव्हतं. आपल्याकडे शिवी जरा उशिरा तयार झाली, एवढाच फरक होता.

"बरं झालं उचलला," आई आवाजाच्या दिशेने म्हणाली. "कधीपासून दिसत नाही त्यांना?"

"झाली की वर्षं. तुमचं काय?"

"आमचंही तसंच," आई म्हणाली.

समुपदेशक बाई तरुण होत्या, दमलेल्या होत्या आणि वाईट नव्हत्या. लेकीचं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मला कळतंय हो. पण दोनदा उचलला नाही की तो नकार धरतात. यंत्रात तसा शेरा पडलाय. नाव आता यादीच्या शेवटी जातं."

"फोन नाही उचलला तर नकार," लेक म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आणि तिकडे नको म्हणून बटण दाबलं तर होकार."

"तिकडे म्हणजे?"

"काही नाही."

टेबलावर ठेवलेला अण्णांचा फोन वाजला. सवयीने तिने घेतला. "नमस्कार मॅडम, आपल्या घरी दृष्टीचा त्रास असलेली ज्येष्ठ व्यक्ती आहे ना? त्यांच्यासाठी खास चष्म्यांची..."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आपणच नोंदणी केलीत ना, मॅडम."

लेकीने समोर पाहिलं. समुपदेशक बाईंच्या मागे यादी ठेवण्याचं यंत्र होतं, पडद्यावर एक छोटंसं निळं चित्र फिरत होतं. बाईंचा चेहरा कोरा होता. त्यांना ठाऊक नसावं. कुणालाच ठाऊक नसतं. कुठेतरी एक भोक असतं आणि त्यातून सगळं झिरपत राहतं, आणि जो तो कोरड्या पायांनी उभा असतो.

"कोण होतं?" आईने विचारलं.

"चष्मेवाले."

"चष्मा? मला?" आई म्हणाली. "साय मोठी दिसावी म्हणून?"

समुपदेशक बाईंना हसू आलं आणि त्यांनी ते दाबलं. मग जरा पुढे झुकून हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा, एका माणसाची दोन बुबुळं येतात. दुसऱ्यासाठी पुढच्या नावाला फोन लावतेय मी. मघाशी लागला नाही, आता दुसऱ्यांदा करायचाय. तोही नाही लागला, तर यादीत पुढचे दोघं बाहेरगावचे आहेत, वेळेत पोचायचे नाहीत. या आजी इथे आहेत, तपासण्या झालेल्या आहेत. मी मोठ्या डॉक्टरांना विचारते."

"ऐकलंस?" लेक आईच्या कानाशी म्हणाली.

"ऐकलं." आईने चाचपत बाक शोधला आणि बसली. "हल्ली कोण उचलतंय फोन? तू बघ. नाही उचलणार." तिने पदर सारखा केला, जणू आत्ताच कुणी हाक मारणार होतं. तिच्या गालांवर जरा रंग आला होता. अण्णा गेल्यापासून लेकीने तो पाहिला नव्हता.

समुपदेशक बाईंनी आकडे दाबले. टेबलावरचा फोन मोठ्या आवाजावर होता. घंटी जाऊ लागली. बोळ शांत होता, त्यामुळे ती घंटी सगळ्यांना ऐकू येत होती. वेगवेगळ्या चपलांतली बाईसुद्धा गप्प झाली.

घंटी जात राहिली. लेकीने डोळे मिटले. नको उचलूस, ती मनात म्हणाली. कोण आहेस माहीत नाही, म्हातारा की तरुण, पण नको उचलूस. कंटाळ. चीड. उशीखाली टाक फोन. त्या लोकांनी तुझंही डोकं फिरवलं असेलच ना, मग एकदा माझ्या आईसाठी ते फिरू दे. आणि असं मागताना तिला कळलं की आपण आता त्यांच्याच धंद्यातून काही मिळवायला निघालो आहोत. तरी तिने मागणं थांबवलं नाही.

फोन उचलला गेला.

"नमस्कार, मी नेत्र..."

"अहो नकोय!" एका बाईचा कर्कश, रडवेला आवाज बोळभर घुमला. "सकाळपासून जीव खाल्लाय तुम्ही लोकांनी! नको म्हटलं ना एकदा, कर्ज नको, विमा नको, काही नको! घरात आंधळं माणूस आहे, फोनपर्यंत धडपडत येतं ते!"

फोन आपटला गेला.

समुपदेशक बाई फोनकडे पाहत होत्या. "उचलला, आणि नको म्हणाल्या," त्या सावकाश म्हणाल्या. "आपल्याकडे हा नकारच." त्यांनी लेकीकडे पाहिलं. त्या पाहण्यात खूप दिवसांनी कुणाला तरी चांगली बातमी देता येईल, अशी घाई होती. "मी डॉक्टरांना विचारून येते."

"थांबा," आई म्हणाली.

ती उभी राहिली होती. एक हात भिंतीला लावून ती दाराच्या दिशेने येत होती.

"आई, बस ना," लेक म्हणाली. "बस, त्या विचारून येतायत."

"नकार कुठे दिला तिने?" आई म्हणाली. "ती कर्ज नको म्हणाली. विमा नको म्हणाली. डोळा नको कुठे म्हणाली?"

"आजी, दोनदा झालं," समुपदेशक बाई म्हणाल्या. "तिसऱ्यांदा करायचा नियम नाही."

"मग तुम्ही नका करू. मला लावून द्या."

"आई!" लेकीने तिचा दंड धरला. तिला आईचा राग आला, अंगभर, उकळून. अण्णांचा अंगठा त्या लोकांनी विकला, सकाळ त्यांनी घेतली, आणि आता हा एक डोळा हाताशी आला होता, तर आईच तो उचलून देत होती. "तुला दिसायला नकोय का? कळतंय का तुला, काय करतेस ते?"

"कळतंय," आई म्हणाली. तिने दंड सोडवून घेतला नाही. "तू पण मघाशी असाच नाही घेतलास. मी कुठे म्हटलं, तू नकार दिलास?"

लेकीचा हात आपोआप खाली आला.

समुपदेशक बाईंनी क्षणभर दोघींकडे पाहिलं, मग पुन्हा आकडे दाबले आणि फोन आईच्या हातात दिला. आईने तो दोन्ही हातांनी कानाशी धरला. घंटी गेली, एकदा, दोनदा, आणि पलीकडून उचलल्याचा आवाज आला. पलीकडची बाई श्वास घेत होती, ओरडण्याच्या तयारीत.

"अहो बाई, ठेवू नका," आई म्हणाली. "मी काही विकत नाहीये."